फाटक पडलेलं असताना

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

नव्या नोकरीच्या वाटेवर तुला रोज दोनदा रेल्वे फाटक लागणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

पडलेल्या फाटकाखालून गाडी घालणारे सगळे बेदरकार नसतात. बरेचसे शहाणे, संसारी लोक असतात, आणि मला काळजी वाटते ती त्यामुळेच. इंटरलॉक केलेल्या, म्हणजे सिग्नलशी जोडलेल्या फाटकाचा दांडा खाली येऊन कुलूप लागल्याशिवाय रेल्वेगाडीला सिग्नलच मिळत नाही. म्हणून ती दिसायच्या पुष्कळ आधी फाटक पडतं. रिकाम्या रुळांकडे बघत पाच-सात मिनिटं उभं राहिलं की वाटतं, गेटमनने उगाच घाई केली. ट्रकवाल्यालाही तसंच वाटतं, पण त्याचा ट्रक खालून जात नाही. दुचाकी जाते. एकदा जमलं, पुन्हा जमलं की अंगवळणी पडतं आणि पुढे माणूस रुळांकडे नीट बघतही नाही.

बघितलं तरी डोळा फसवतो. समोरून येणारी गाडी बाजूला सरकताना दिसत नाही, नुसती सावकाश मोठी होत जाते आणि अगदी जवळ आल्यावर एकदम अंगावर येते. शिवाय मोठी वस्तू आहे त्यापेक्षा संथ वाटते. हर्शेल लीबोविट्झ या मानसशास्त्रज्ञाने 1985 साली फाटकांवरच्या अपघातांबद्दल हेच मांडलं होतं.

हिशेब करून बघ. ताशी 110 किमी म्हणजे सेकंदाला 30 मीटर. मोटारसायकल तिरकी करून दांड्याखालून ओढायची, दोन मार्ग ओलांडायचे, पुन्हा वाकून बाहेर पडायचं, याला 15 सेकंद धर. तेवढ्यात एक्स्प्रेस 450 मीटर पुढे येते. लोको पायलटने ब्रेक लावला तरी तिला थांबायला किलोमीटरभर लागू शकतं. आणि वाकताना तुझी नजर असते हँडलवर, रुळांवर नाही. एक गाडी गेली की लगेच घुसणाऱ्याला तिच्याआड उलट दिशेने येणारी दुसरी दिसत नाही. रुळांमधलं अंतर 1676 मिमी आणि डबा सव्वातीन मीटर रुंद, म्हणजे तो रुळाबाहेर पाऊण मीटर येतो. रुळापासून दोन फुटांवर थांबलास तरी तू त्याच्या वाटेतच असतोस.

फाटक उघडं असलं तरी पलीकडे तुझ्या गाडीपुरती जागा दिसल्याशिवाय रुळांवर चढू नकोस. मुंबईजवळच्या दिवा स्टेशनच्या फाटकावर वाहनं न हटल्याने फाटक पडलं नाही आणि लोकल खोळंबल्या, असं कित्येकदा झालंय. पहिल्या गिअरमध्ये, रुळांना काटकोनात, मध्ये गिअर न बदलता पार हो. पावसात ओल्या रुळावर तिरकं चाक हमखास घसरतं. इअरफोन काढून ठेव.

गाडी रुळांत बंद पडली तर ढकलत बसू नकोस. आधी रुळांबाहेर हो आणि गेटमनला हाक मार. त्याच्याकडे लाल झेंडी, दिवा आणि स्टेशनशी बोलायला फोन असतो. रेल्वे येताना दिसलीच, तर मार्गापासून दूर, पण ती येतेय त्याच बाजूला तिरकं पळ; उडालेले तुकडे पुढे फेकले जातात. मोटारसायकलचा पूर्ण विमा काढलेला आहे, ती राहू दे तिथेच.

तुझे बाबा