अण्णा, भाषणात तुमचं नाव राहून गेलं

ति. अण्णा,
सा. न.

गेल्या महिन्यात आपल्या रोटरी क्लबनं माझा सत्कार केला. सभासदत्वाला तीस वर्षं झाली म्हणून शाल, फेटा, नारळ. भाषणात मी सगळ्या माजी अध्यक्षांची नावं घेतली, प्रांतपालांचं, म्हणजे रोटरीच्या आपल्या विभागप्रमुखांचं, घेतलं, मांडववाल्याचंसुद्धा घेतलं. तुमचं राहिलं. खाली येऊन बसलो तर बायको एवढंच म्हणाली, "आणि अण्णा?" चूक चारचौघांत झाली, म्हणून पत्रही चारचौघांत लिहितोय.

१९९५ साली मी पावती पुस्तकांचा गठ्ठा घेऊन रविवार पेठेत तुमच्या आडतीवर आलो होतो. बिल चुकतं केलंत, चहा पाजलात आणि म्हणालात, "बुधवारी सभेला ये की." मला वाटलं, क्लब म्हणजे कोटवाल्यांचं इंग्रजी जेवण. थोडंफार ते तसं होतंही. खरं तुम्ही धोतर-टोपीत पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत विचारपूस करत फिरायचात. सभेत रोटरीची चार प्रश्नांची कसोटी सगळ्यांनी म्हणून झाली की माझ्या कानाला लागायचात, "पहिला प्रश्न 'हे सत्य आहे काय?' पेठेत लावला तर दुपारपर्यंत निम्मी दुकानं बंद!"

त्याच डिसेंबरात पल्स पोलिओची पहिली फेरी आली. बेळगावात मराठीवर माझं भागायचं. हुक्केरीच्या कानडी मुलखात गेल्यावर माझी बोबडी वळायची. तुम्ही स्कूटरवर मागं बसवून वाटेत माझ्याकडून घोकून घेतलंत, "एरडु हनि, अक्का, एरडु हनि." दोन थेंब. तेवढ्या दोन शब्दांवर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. बायका माझ्या उच्चाराला हसायच्या, आणि हसता हसता पोराला पुढं करायच्या.

आता २००२ च्या जानेवारीतला तो रविवार. अध्यक्ष मी. बूथ आठला सुरू व्हायचा होता, पण मी पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन ठरवलं होतं आणि फोटोग्राफरही सांगून ठेवला होता. पाहुणे साडेदहाला आले. तोवर लसीचा निळा डबा उन्हातल्या टेबलावर, आणि दाखवायला म्हणून मीच दोन-चारदा उघडलेला. आतले बर्फाचे पॅक पाणी झाले होते. तुम्ही एक बाटली उचललीत, चष्मा वर करून लेबलावरचा ठिपका पाहिलात. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतकाच काळवंडलेला. म्हणजे लस गेली. "परत पाठवायची," म्हणालात. मी चाचरत म्हटलं, लोक ताटकळलेत. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "मग पोरांना साधं पाणी पाजू या काय?"

नवा डबा यायला दीड तास लागला. वीटभट्टीवरच्या बायका मजुरी सोडून आल्या होत्या, त्या परत निघाल्या. तुम्ही त्यांच्यामागं गेलात. दुपारी आपण दोघं भट्टीवर एकेका झोपडीशी उभे राहिलो. तुम्ही थेंब घालत होता, मी डाव्या करंगळीला शाई लावत होतो. फोटोग्राफर केव्हाच गेला होता.

बुधवारच्या सभेत माझी जीभ टाळूला चिकटली होती. तुम्ही सार्जंट-ॲट-आर्म्स, म्हणजे सभेची शिस्त सांभाळणारे, दंड करणं तुमच्या हातात. पत्र्याची पेटी वाजवत उठलात आणि जाहीर केलंत, "अध्यक्षांना वेळेवर टोकलं नाही म्हणून मला एक्कावन्न रुपये दंड." स्वतःच्या खिशातून काढून टाकलेत. सगळे हसले. काय घडलं ते सभागृहात फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. त्यानंतर मी बूथवर कधी पाहुणा बोलावला नाही.

तुम्ही स्वतः अध्यक्ष कधीच झाला नाहीत. दरवर्षी नाव सुचवलं जायचं, दरवर्षी अध्यक्षाच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे बोट दाखवून "कॉलर घातली की मान आखडते" म्हणून टाळायचात. आणि फेलोशिप म्हणजे आमच्यासाठी सभेनंतरचं जेवण. तुमच्यासाठी, ज्याच्याकडे गाडी नाही त्याला अनगोळपर्यंत सोडून येणं. (माझ्याकडे गाडी आली तरी तुम्ही सोडायला यायचात, ते गप्पांसाठी, हे मला ठाऊक होतं.)

देशातला मूळच्या (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला. २७ मार्च २०१४ ला भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला, त्या संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही विचारलंत, "त्या भट्टीवरची पोरं आता केवढी झाली असतील रे?" मी हिशेब केला, बारा ते सतरा वर्षांची. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत.

अण्णा, आभार त्या एक्कावन्न रुपयांचे. तुम्ही मुलाकडे पुण्याला गेल्यापासून दंडाची पेटी माझ्या कपाटात आहे. नाव विसरल्याबद्दल परवा मी तिच्यात एकशे एक टाकलेत. वाजवून पाहिलं, बरीच भरलीय. किल्ली तुमच्याकडेच राहिलीय. दिवाळीला याल तेव्हा आठवणीनं घेऊन या.

तुमचा,
छापखानेवाला