दुसऱ्या भागाबद्दल, जरा सविस्तर

डोंबिवली,
रविवार, रात्र

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "लेकीला 'एअरप्लेन!' भयंकर आवडला, आता दुसरा भाग दाखवू का?" आणि मी घाईत "हो, बरा आहे की" म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर मात्र चुटपुट लागली. ज्या पिक्चरसाठी आपण हॉस्टेलवर वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर आणला, पहाटे मेसचा चहा येईपर्यंत कॅसेट तीनदा फिरवली, त्याच्याबद्दल तुला असं वरवरचं उत्तर देणं मला पटेना. म्हणून ओळीने तीन रात्री तीन पिक्चर बघितले आणि आता लिहायला बसलोय.

तीन का, तर पहिला तू पाहिलेलाच नाहीस. 'झीरो अवर!', १९५७ चा, कृष्णधवल. युद्धात सहकारी गमावल्यामुळे खचलेला वैमानिक टेड स्ट्रायकर, त्याला सोडून निघालेली बायको, विमानात मासे खाल्लेल्यांना विषबाधा, दोन्ही पायलट आडवे. सगळं अगदी गंभीरपणे. एब्राहम्स आणि झुकर बंधू या तिघा लेखक-दिग्दर्शकांनी त्या पिक्चरचे हक्कच विकत घेतले आणि त्याचं विडंबन म्हणून 'एअरप्लेन!' उभा केला. कथा तीच, नायकाचं नाव जवळपास तेच, कितीतरी संवाद जसेच्या तसे. जुन्यात पायलट म्हणून फुटबॉलपटू घेतला होता, म्हणून यांनी बास्केटबॉलचा करीम अब्दुल-जब्बार आणून बसवला.

ते वाक्य आठवतं? सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, ज्याला विमान चालवता येतं आणि ज्याने जेवणात मासे घेतले नाहीत असा कोणीतरी मागे सापडायला हवा. आपण त्यावर लोळलो होतो. मिलिंद, ते वाक्य जुन्या पिक्चरमधलं आहे! तिथे तो माणूस ते घाम पुसावा इतक्या काळजीने म्हणतो. परवा रात्री ते ऐकलं आणि मी रिमोट घेऊन पुन्हा मागे गेलो. मला वाटतं, इथेच सगळी मेख आहे. विडंबनाला एक गंभीर बाप लागतो.

आणि गंभीर चेहरे लागतात. 'एअरप्लेन!'मधले लेस्ली नील्सन, रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, पीटर ग्रेव्हज, यांना तोवर विनोदी नट म्हणून कोणी ओळखत नव्हतं. एल्मर बर्नस्टीनचं संगीत तर असं, की डोळे मिटून ऐकलं तर खरोखरीचा थरारपट चाललाय असं वाटावं. पडद्यावर जेट, आणि आवाज मात्र जुन्या पंख्याच्या विमानाचा. नील्सनचा डॉक्टर कॉकपिटच्या दारातून डोकावतो आणि सांगतो, तुम्हा दोघांना शुभेच्छा, आमची सगळी भिस्त तुमच्यावर आहे. थोड्या वेळाने पुन्हा येतो, तेच. विमान उतरून थांबलं तरी पुन्हा येतो, त्याच आवाजात, त्याच चेहऱ्याने तेच. या खेपेला मी फक्त त्याच्या डोळ्यांकडे बघत होतो. डोळ्यांत हसण्याचा मागमूस नाही. प्रवाशांच्या काळजीने भरलेला, शहाणासुरता डॉक्टर आहे तो. मला तर त्याच्याबद्दल मायाच वाटली.

आता दुसरा भाग, १९८२ चा. तो एब्राहम्स आणि झुकर बंधूंनी केलेलाच नाही. लेखन-दिग्दर्शन केन फिंकलमन यांचं. नील्सन नाही, स्टॅक नाही. टेड झालेला रॉबर्ट हेज, एलेन झालेली ज्युली हॅगर्टी, ब्रिजेस आणि ग्रेव्हज आहेत. या वेळी चंद्रावर जाणारं यान आहे, त्यातला 'रॉक' नावाचा संगणक बिघडतो आणि यान सूर्याकडे निघतं. टेड पुन्हा आपली कर्मकहाणी सांगतो, शेजारचा प्रवासी पुन्हा कंटाळून जीव द्यायला निघतो. हसू येतं, पण ते ओळखीचं हसू असतं. गावाकडचा माणूस स्टेशनावर भेटल्यावर येतं तसं.

अडचण अशी, की पहिल्याने टिंगल केली ती एका गंभीर पिक्चरची, आणि दुसरा भाग नकला काढतो त्या पहिल्याच्याच. म्हणजे विडंबनाचं विडंबन. अत्र्यांची 'झेंडूची फुले' रंगतात ती मूळ कविता लोक हुरूपाने गात होते म्हणून. झेंडूच्या फुलांचंच कोणी विडंबन करायला घेतलं तर हाताशी काय उरेल? अवकाशपटांची खोडी काढायचा प्रयत्न दिसतो, पण तो धरसोडीचा. पैसाही तेच सांगतो. पहिला साधारण ३५ लाख डॉलरमध्ये झाला आणि एकट्या अमेरिकेत त्याने ८ कोटींच्या वर मिळवले. दुसऱ्यावर कितीतरी जास्त खर्च झाला आणि तो ३ कोटींपर्यंतही पोचला नाही.

तरी सरसकट टाकाऊ म्हणणार नाही. एक प्रसंग तर पहिल्यात शोभला असता. एलेन प्रवाशांना शांतपणे सांगते, आपण लाखो मैल भरकटलोय, वगैरे वगैरे. कोणी हूं की चूं करत नाही. मग ती सांगते, कॉफीही संपली आहे. आणि यानात एकच हलकल्लोळ!

शेवटाकडे विल्यम शॅटनर येतो, चंद्रावरच्या तळाचा प्रमुख म्हणून, आणि पिक्चरमध्ये जीव येतो. समोरच्या पडद्यावर त्याचा भलामोठा चेहरा दिसतो, हुकूम सोडतो, आणि मग दार उघडून तोच आत चालत येतो. पडदा कसला, दाराची काच होती ती! हे जमतं, कारण शॅटनरने तीन वर्षं 'स्टार ट्रेक' या अवकाशमालिकेत यानाची कप्तानी अगदी मनापासून केली होती. म्हणजे गंभीर बाप सापडला, पण शेवटच्या काही रिळांत.

माझ्या मते 'एअरप्लेन!'चा खरा वारस दुसरीकडेच जन्मला, त्याच १९८२ साली. त्या तिघांनी नील्सनला घेऊन 'पोलीस स्क्वॉड!' ही मालिका केली. जुन्या पोलिसी मालिकांची हुबेहूब धाटणी, आणि पुन्हा तोच न हसणारा चेहरा. सहाच भाग झाले आणि बंद पडली. पण त्यातूनच १९८८ साली 'नेकेड गन' आला. बघ, नवी कथा घेतली, नवा गंभीर बाप शोधला, तेव्हा कुठे पहिल्याच्या तोडीचं काही झालं.

तेव्हा परवाचं माझं उत्तर मागे घेतो. लेकीला दुसरा भाग लगेच दाखवू नकोस. आधी 'झीरो अवर!' दाखव, तिला काही न सांगता. मग 'पोलीस स्क्वॉड!'चे ते सहा भाग. दुसरा भाग पावसाळ्यातल्या एखाद्या दुपारी, भजी तळून झाल्यावर.

त्या माशांच्या वाक्याला ती जुन्या पिक्चरमध्येही हसते का, तेवढं मात्र कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर