आत्यांना लंडन दाखवताना

मँचेस्टर,
१० एप्रिल २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मे महिन्यात आत्या दहा दिवसांसाठी येताहेत हे वाचून फार आनंद झाला. सोबत पाठवलेली ठिकाणांची यादीही नीट वाचली. ती आधी निम्मी कर. यादी करताना तू नकाशा पाहिलास, आत्यांचे गुडघे पाहिले नाहीस. लंडनमध्ये पाहुणा दमतो तो ठिकाणं पाहून नव्हे, तर एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना लागणाऱ्या जिन्यांनी, भुयारी वाटांनी आणि रांगांनी. रोज एकच मोठी जागा ठरव. बाकीचं शहर बसच्या खिडकीतून आपोआप दिसतं.

त्या निघण्याआधीची दोन कामं आहेत. तिकीट काढलेल्या विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवून व्हीलचेअरची मदत मागून ठेव. हिला वेगळे पैसे पडत नाहीत. हीथ्रोवर विमानापासून इमिग्रेशनपर्यंत बरंच चालावं लागतं आणि पुढे रांगही असते. आत्या घरात हिंडत-फिरत असल्या तरी रात्रभराच्या प्रवासानंतर एवढं उभं राहणं जड जातं. त्यांना कमीपणा वाटेल, नको म्हणतील, तरी कर. दुसरं काम खाऊचं. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खव्याच्या पोळ्या यातलं काही नको. भाकरवडी, पातळ पोह्यांचा चिवडा, मेतकूट, सुकी चटणी, लोणचं खुशाल येऊ दे. फक्त लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत नको, नाहीतर सुरक्षा तपासणीतच काढून ठेवतील.

प्रवासाचा विमा काढल्याशिवाय त्यांना विमानात बसू देऊ नकोस. सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात कुणालाही तपासतात आणि तिथल्या उपचारांचे पैसे घेत नाहीत. पण दाखल करून घ्यावं लागलं तर विमा नसलेल्या परदेशी पाहुण्याकडून नेहमीच्या दराच्या दीडपट रक्कम घेतात. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाला पुरून आठवडाभर उरतील एवढ्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत असाव्यात. इथे मध्येच काही विचारायचं झालं तर १११ वर फोन करायचा. जीव धोक्यात असेल तेव्हाच ९९९.

तू व्हाइटचॅपलला राहतोस, ही मोठी सोय आहे. एलिझाबेथ लाइनची गाडी हीथ्रोहून थेट तुझ्या दाराशी येते, साधारण पाऊण तासात, आणि दोन्ही टोकांना लिफ्ट आहे. चौदा पौंडांच्या आसपास भाडं पडेल. पिकॅडिली लाइनने सहा पौंडांच्या आत काम होतं. पण तिला वेळ जास्त लागतो, डबे अरुंद आहेत, शिवाय तुझ्याकडे यायला मध्ये गाडी बदलावी लागते. दोन मोठ्या बॅगा आणि आत्या असताना ते आठ पौंड वाचवू नकोस. पुढचे दहा दिवसही हीच लाइन धरून ठरव: टॉटनम कोर्ट रोड, बाँड स्ट्रीट, पॅडिंग्टन ही सगळी स्टेशनं तिच्यावर आहेत आणि रस्त्यापासून फलाटापर्यंत कुठेही पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. जुन्या ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, नकाशावर मात्र व्हीलचेअरची खूण असलेलीच स्टेशनं निवड. खूण नसेल तिथे सरकता जिना असला, तरी त्याच्या आधी किंवा नंतर पंधरा-वीस पायऱ्या निघतातच.

तिकिटाचं एकदा समजून घे. एका कार्डावर एकच माणूस. तुझ्याच कार्डाने आधी स्वतः आत जाऊन मग आत्यांसाठी तेच टेकवलंस तर फाटक उघडणार नाही. त्यांना वेगळं ऑयस्टर कार्ड, म्हणजे पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, काढून दे. कार्डाचे पैसे परत मिळत नाहीत, पण भारतातल्या बँकेच्या कार्डावर दर वेळी परकीय चलनाचा आकार लागतो, त्यापेक्षा ते परवडतं. ट्यूबमध्ये चढताना आणि उतरताना दोन्हीकडे कार्ड टेकवायचं. उतरताना राहिलं तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. बसमध्ये मात्र फक्त चढताना. बसचं भाडं १.७५ पौंड, आणि पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी पुन्हा पैसे पडत नाहीत. बसमध्ये रोख पैसे अजिबात चालत नाहीत, हे आत्यांना आधी सांगून ठेव. नाहीतर त्या कंडक्टर शोधत बसतील. साठीपुढच्यांची सवलत लंडनच्या रहिवाशांनाच आहे, तेव्हा तिच्या मागे लागू नकोस. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात या वेळात ट्यूबचं भाडंही जास्त आणि बसायला जागाही नाही. त्या वेळात बस बरी.

आता वेळेचं. मे महिन्यात इथलं घड्याळ भारताच्या साडेचार तास मागे असतं. पहाटे साडेपाचला उठणाऱ्या बाईंना इथे पहिले तीन-चार दिवस रात्री एकलाच जाग येईल आणि संध्याकाळी सहालाच डोळे मिटू लागतील. बाहेर तेव्हा लख्ख ऊन असतं, सूर्य साडेआठ-नऊला मावळतो, आणि त्यालाच भुलून यजमान पाहुण्यांना फरफटवतात. सगळी तिकिटं सकाळच्या पहिल्या वेळेची काढ. चारपर्यंत घरी, मग वरणभात. आणखी एक लक्षात ठेव: ५ आणि २६ मे या दोन सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी आहे. त्या शनिवार-रविवारी रेल्वेची दुरुस्तीची कामं काढतात आणि गर्दीही फार असते. ते दिवस जवळच्या बागेसाठी ठेव.

कोहिनूर त्यांना पाहायचाच असणार. तो टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे. तिथलं तिकीट पस्तीस पौंडांच्या आसपास आहे, ते आधीच ऑनलाइन काढ. रविवार-सोमवारी दरवाजे दहाला उघडतात, इतर दिवशी नऊला. आत शिरल्याबरोबर इकडेतिकडे न बघता सरळ ज्वेल हाउस गाठायचं. अकरानंतर तिथली रांग वाढत जाते. मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, तो माणसाला थांबू देत नाही. पुढे जाऊन पुन्हा वळसा घालून आलं तर दुसऱ्यांदा निवांत दिसतं. फोटो काढता येत नाहीत. हिरा पाहून ‘एवढासाच?’ असं त्या म्हणतील. १८४९ च्या लाहोरच्या तहानंतर तो व्हिक्टोरिया राणीकडे गेला तेव्हा सुमारे १८६ कॅरटचा होता. १८५२ मध्ये पुन्हा पैलू पाडताना १०५.६ कॅरटचा उरला. ही हकिगत रांगेत उभं असतानाच सांग, म्हणजे समोर आल्यावर त्या नीट बघतील. आवारात सगळीकडे दगडी फरशी उंचसखल आहे; चपला नकोत, बूटच हवेत. व्हाइट टॉवरमध्ये जिनेच जिने आहेत, तो बाहेरून पाहिला तरी पुरे. बाहेर पडल्यावर १५ नंबरच्या बसने वरच्या मजल्यावर पुढची जागा धरून ट्रफाल्गर चौकापर्यंत जा. सेंट पॉल्स, फ्लीट स्ट्रीट, स्ट्रँड हे सगळं पावणेदोन पौंडांत. बस सुटण्याआधी जिना चढून बसा. चालत्या बसमध्ये वयस्क माणसाने तो जिना चढू नये.

वाघनखांचंही विचारतील. ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची, पण जुलै २०२४ पासून तीन वर्षांच्या करारावर महाराष्ट्रात पाठवलेली आहेत. अफजलखानाच्या वधाची ती हीच, असं ते संग्रहालयही ठामपणे सांगत नाही. ती बघायला म्हणून साउथ केन्सिंग्टनला नेलंस तर हिरमोड होईल. टिपूचा लाकडी वाघ तिथे आहे, तो बघायचा असेल तर जरूर जा. ब्रिटिश म्युझियमसाठी टॉटनम कोर्ट रोडला उतर, प्रवेश फुकट आहे, पण वेळेचं तिकीट आधी काढून ठेवलं की रांग कमी लागते. तिथे ३३ नंबरच्या दालनातली दक्षिण आशियाई शिल्पं आणि शेजारची अमरावतीची शिल्पं एवढंच दाखव. इजिप्तच्या ममी बघायच्याच म्हणाल्या तर लिफ्टने वर. घडीचं स्टूल मिळतं का ते विचारून घे. मधल्या मोठ्या चौकात जी गोल इमारत आहे, ती जुनी रीडिंग रूम. बाबासाहेब दिवसच्या दिवस याच वाचनालयात बसत, हे तिथे उभं राहून सांग.

आणि आता तुझ्या यादीत नसलेला, पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो दिवस. राजवाड्यापुढची गर्दी आत्या विसरतील, हा दिवस नाही विसरणार. पॅडिंग्टनला उतरून कालव्याच्या काठाने दहा मिनिटं सपाट रस्त्याने चाललं की लिटल व्हेनिस येतं. तिथून हाउली प्लेस अगदी जवळ. १० नंबरच्या घरावर लोकमान्य टिळकांच्या नावाची निळी पाटी आहे: १९१८-१९ मध्ये ते इथे राहत होते. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावर घातलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी ते आले होते आणि तो हरले. घर खाजगी आहे, तेव्हा बेल वाजवायची नाही, समोरच्या फुटपाथवरून पाहायचं. मग परत कालव्यावर येऊन कॅमडन लॉकला जाणारी होडी धर. सुमारे पाऊण ते एक तास लागतो. लांबलचक बोगद्यातून, रीजंट्स पार्कच्या कडेने आणि प्राणिसंग्रहालयाच्या मधून ती जाते. चालायचं काही नाही, नुसतं बसून राहायचं. होडीत उतरायला दोन-तीन पायऱ्या आहेत, हात दे. होडीच्या वेळा आदल्या दिवशी पाहून ठेव, आणि सोबत शाल हवीच, कारण बोगद्यात गार वारा लागतो.

कॅमडन लॉकचा बाजार गोंगाटाचा आहे. तिथे फक्त जेवा आणि निघा. प्रिमरोझ हिलच्या बाजूने पंधरा-वीस मिनिटं चाललं की किंग हेन्रीज रोड. १० नंबरचं घर म्हणजे १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहत होते ते. महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याचं स्मारक म्हणून उद्घाटन झालं. योगायोग बघ, दोन घरांचे नंबरही दहाच. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रबंध आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, ही दोन्ही कामं ते एकाच वेळी करत होते. इथे घाई करू नकोस. उघडण्याच्या वेळा आधी पाहून घे, दार बंद मिळालं तर आत्यांना फार लागेल. परत जायला चॉक फार्म स्टेशन पाच-सात मिनिटांवर आहे, पण तिथे पूर्ण लिफ्टची सोय नाही, तेव्हा बस बघ. हायगेटचं सावरकरांचं घर, ६५ क्रॉमवेल अव्हेन्यू, म्हणजे जुनं इंडिया हाउस, याच दिवशी कोंबू नकोस. तो भाग चढाचा आहे. आत्यांची फार इच्छा असेल तर वेगळ्या दिवशी टॅक्सीने.

देवळाचा दिवस नीस्डनला. तिथलं स्वामिनारायण मंदिर १९९५ मध्ये उघडलं; बल्गेरियाचा चुनखडक आणि इटलीचा संगमरवर भारतात नेऊन, कोरून, परत आणून जोडलेला आहे. सकाळीच जा, दुपारी काही तास दर्शन बंद असतं. जवळच डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे. १९३२ पासूनची ही संस्था. त्या आठवड्यात काही कार्यक्रम आहे का ते विचार. ओळखीचं कुणी भेटलं की आत्यांची अर्धी दमणूक जाईल. शाकाहारी जेवणासाठी युस्टन स्टेशनमागचा ड्रमंड स्ट्रीट किंवा वेम्ब्लीचा ईलिंग रोड. बाकी दिवशी घरून डबा ने. इथली कॅफेतली शाकाहारी सँडविचं थंड असतात, आणि वयस्क माणसांना दुपारी थंड ब्रेड पोटात जात नाही. थर्मासमध्ये चहा भरून घेतलास तर त्याचं मोल दुपारी तीनला कळेल.

संकोचाचा म्हणून कुणी बोलत नाही असा विषय म्हणजे स्वच्छतागृहं. बऱ्याच ट्यूब स्टेशनांत ती नाहीत, एलिझाबेथ लाइनच्या गाड्यांतही नाहीत. संग्रहालयं आणि मोठी दुकानं हाच आधार. म्हणून दिवसाचा मार्ग आखताना दर दीड तासाला असं एक ठिकाण येईल हे बघ. पाण्याची सोय आत नसते, तेव्हा त्यांच्या पर्समध्ये लहान रिकामी बाटली असू दे. आत्या स्वतःहून विचारणार नाहीत, उलट दिवसभर पाणी पिणं कमी करतील आणि संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणतील.

राजवाड्यासमोरचा पहारा बदलताना पाहायला तासभर आधी उभं राहावं लागतं. त्याऐवजी व्हाइटहॉलवरच्या हॉर्स गार्ड्सला जा: सोमवार ते शनिवार अकराला, रविवारी दहाला, घोड्यांसह आणि अगदी जवळून. उंचावरून शहर दाखवायला स्काय गार्डन फुकट आहे. साधारण तीन आठवडे आधी दर सोमवारी तिकिटं सुटतात, लवकर संपतात, म्हणून आत्ताच तारीख लिहून ठेव.

तुझ्या वसतिगृहात पाहुण्याला किती रात्री राहू देतात, ते मात्र आजच कार्यालयात विचारून लेखी घे. बऱ्याच ठिकाणी सलग दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त परवानगी नसते, आणि मे महिन्यात ऐनवेळी खोली शोधणं महाग पडतं. उत्तर आलं की मला कळव. गरज पडली तर व्हाइटचॅपलहून एलिझाबेथ लाइनवरच, पूर्वेकडे, स्वस्तात राहायची सोय कुठे होईल ते पुढच्या पत्रात सविस्तर लिहितो.

आत्यांना माझा नमस्कार सांग.

कळावे, लोभ असावा.

तुझा मित्र