कोंबडीचे २१ दिवस, बदकाचे २८

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत वीकेंडच्या घरी कोंबड्या आणि बदकं पाळायचा जो लेख आला होता तो आमच्याकडे मोठ्याने वाचला गेला, आम्ही गोराईचे, वाडीत आजीच्या काळापासून दोन्ही आहेत, म्हणून कौतुकाने वाचायला घेतला. पण "खुडूक कोंबडीखाली (म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या) दोन्हीची अंडी एकत्र ठेवावीत" हे आलं आणि आई म्हणाली, थांब, परत वाच. परत वाचलं तरी तेच.

अहो, कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, बदकाचं २८ दिवसांत. एकाच दिवशी ठेवलीत तर एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी कोंबडीची पिल्लं बाहेर येणार, ती चिवचिवायला लागली की कोंबडी एखाद-दोन दिवसांत त्यांना घेऊन उकिरड्यावर जाणार, आणि मागे बदकाची अंडी गार पडणार. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंना न विचारता मीच केलं होतं. गार पडलेलं एक अंडं फोडून बघितलं तर आत चपटी चोच, बोटांमधला पडदा, सगळं तयार. नंतर मी आठवडाभर त्या खुराड्याकडे फिरकले नाही.

सासूबाईंची पद्धत अशी, बदकाच्या अंड्यांवर कोळशाने फुली मारायची आणि ती आधी ठेवायची, बरोबर आठवड्याने त्याच वारी कोंबडीची, म्हणजे सगळी एकदम फुटतात. फुलीचा दुसरा उपयोग म्हणजे बदकाचं अंडं मोठं, कोंबडीला ते नीट फिरवता येत नाही, मग दिवसातून दोनतीनदा आपणच फिरवायचं, फुली वर होती की खाली ते बघून. शेवटच्या दिवसांत कोमट पाण्याचा हात फिरवायचा. (आणि बदक मस्कव्ही जातीचं असेल तर हा हिशोबही चुकतो, त्याला ३५ दिवस लागतात.)

पिल्लं निघाल्यावर दोन्ही एकाच ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या पेटीत, हेही लेखातलंच. बदकाच्या पिल्लाला चोच नाकापर्यंत बुडेल एवढं पाणी लागतं, प्रत्येक घासाला ते पाण्याकडे पळतं आणि तासाभरात खालचं तूस चिखल करून टाकतं. त्याला मजा येते पण कोंबडीचं पिल्लू ओलं झालं की गारठून मरतं, नाहीतर ओल्या तुसाने रक्ती हगवण लागते. शिवाय मानमोडीने (राणीखेत रोगाने) कोंबड्या पटापट जातात आणि बदक बहुतेकदा आजारी न दिसताच तो रोग बाळगून हिंडतं, मोठी झाल्यावरसुद्धा खुराडी वेगळी हवीत ती त्यासाठी.

पावसाळ्याबद्दल तर एक ओळ नाही, मुंबईच्या पेपरात! जुलैमध्ये आमच्याकडे मक्याच्या भरड्याला जरासा कुबट वास येत होता, चालतंय म्हणून घातला. कोंबड्यांना काही झालं नाही, बदकाची नऊ पिल्लं होती त्यातली सात चार दिवसांत गेली. डॉक्टर म्हणाले बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, बदकाच्या पिल्लांना ते सगळ्यात लवकर लागतं. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या पेंडीने टर्कीची पिल्लं ढिगाने मेली तेव्हा हे विष पहिल्यांदा सापडलं, ते आमच्या पत्र्याच्या डब्यात निघालं. आता पावसात पंधरा दिवसांपुरतंच खाद्य आणतो.

बदकाची खाकी कॅम्पबेल जात वर्षाला ३०० अंडी देते हे खरं असेल, पण नीट खाद्य दिलं तर, घरच्या भातावर आणि पाल्यावर नाही देत. आणि ही पिल्लं आणायची कुठून? आरेत केंद्र सरकारचं कुक्कुट केंद्र आहे पण बदकांचं पैदास केंद्र बंगळुरूजवळ हेसरघट्टाला. माणूस मग रस्त्यावरच्या टोपलीतली गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं उचलतो, ते बहुतेक हॅचरीने नको म्हणून काढलेले नर असतात, अंडी कसली देतायत.

मला खरं तर लसीबद्दल लिहायचं होतं. मानमोडीची लासोटा लस पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब, पाचव्या ते सातव्या दिवशी, काम एवढंच. पण बाटली येते कमीत कमी १०० डोसांची आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. बारा पिल्लंवाल्याने काय करायचं? बंगलेवाले म्हणूनच लस देत नाहीत आणि मग त्यांच्या कोंबड्या माना टाकतात तेव्हा आमच्या आळीतल्याही जातात. आम्ही पाच-सहा घरं मिळून एक बाटली घेतो, बोरिवलीहून बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये फेरीबोटीने आणतो, बोटीत थर्मास मांडीवरच. तरी चाळीसेक डोस लागतात, बाकीचे फुकट.

तेव्हा चूक छापलीत तशी दुरुस्तीही छापा. आणि तुमच्या वाचकांपैकी गोराई-मनोरीला ज्यांनी पिल्लं आणली असतील त्यांनी महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चजवळ घेऊन यावीत, पैसे नकोत, पण सकाळी दहाच्या आत, नंतर बाटली टाकून देतो.

— एक वाचक, गोराई गाव, मुंबई