योहानला, गोळ्यांच्या डबीबद्दल

चि. योहान,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तू गेल्यावर तुझ्या खोलीतली चादर काढताना उशाखाली डबी सापडली. सकाळचे सात आणि रात्रीचे सात असे चौदा कप्पे, आणि चौदाही भरलेले. फोनवर विचारलं तेव्हा तू अगदी शांतपणे म्हणालास, "आई, ११ दिवस झाले. मी ते देवावर सोपवलंय." त्यावर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. पप्पांनी फोन हातातून घेतला ते बरंच झालं. पत्रात आवाज चढत नाही, म्हणून लिहिते आहे.

गोळ्यांचं एकदाच लिहिते, मग तो विषय बंद. फिटची गोळी अचानक थांबवली की मेंदूवरचा आवर एकदम सुटतो. मग फिट पूर्वीपेक्षा जोरात येऊ शकते, एकामागून एक येऊ शकते, थांबतच नाही असंही होतं. दोन वर्षं फिट आली नाही म्हणजे गोळी बंद करण्याचा विचार करता येतो, हे खरं आहे. पण तो विचार डॉक्टरांसोबत करायचा असतो आणि डोस थोडा थोडा करत काही महिन्यांत उतरवायचा असतो. आणि आता हे नीट वाच: घाबरून आज रात्री जुना पूर्ण डोस घेऊ नकोस. काही गोळ्या इतके दिवस सुटल्या की पुन्हा लहान डोसपासून चढवाव्या लागतात, नाहीतर अंगावर भयंकर पुरळ उठतं, ते जिवावरही बेतू शकतं. म्हणून आजच डॉक्टरांना फोन कर. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, शेवटची कोणत्या तारखेला घेतली, तिन्ही सांग. तोवर गाडी चालवायची नाही, एकट्याने पोहायचं नाही, बाथरूमला आतून कडी लावायची नाही, आणि रात्री झोप पुरी करायची. खोलीतल्या मित्राला सांगून ठेव: कुशीवर वळवायचं, दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर अॅम्ब्युलन्स.

झालं. आता विषय बंद.

तू जो शब्द वापरलास, "सोपवलं", तो माझ्या डोक्यातून जात नाही. ३७ व्या स्तोत्रात आहे तो: आपला जीवितक्रम परमेश्वरावर सोपवून दे. तिथे मूळ हिब्रूत जो शब्द आहे त्याचा अर्थ लोटणं, गडगडत पुढे सारणं. उचलवत नाही असा धोंडा आपण लोटतो तसं. आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात "आपली सर्व चिंता टाका" म्हटलंय, तिथलं मूळ ग्रीक क्रियापद साऱ्या नव्या करारात अजून एकाच जागी येतं. शिष्य आपली वस्त्रं शिंगराच्या पाठीवर टाकतात, त्या लूकच्या १९ व्या अध्यायात. अंगावरचं काढून दुसऱ्याच्या पाठीवर टाकणं. आता बघ, टाकायचं काय सांगितलंय? चिंता. हातातलं काम टाका असं पेत्र म्हणत नाही. त्याच दमात पुढच्याच वचनात तो म्हणतो, सावध असा, जागे राहा.

उद्या फिट येईल की नाही, नोकरी टिकेल की नाही, लग्नाचं काय होईल, हे सगळं लोटून दे त्याच्याकडे. ते तुझ्या हातात कधी नव्हतंच. सकाळी आठची गोळी तुझ्या हातात आहे. ती देवाकडे लोटली तर ते सोपवणं होत नाही, आपलं काम त्याच्या दारात ठेवून येणं होतं.

पुन्हा गोळीवर आले. माफ कर.

तुला मंदिराच्या शिरोभागावरची परीक्षा आठवते ना, मत्तयच्या चौथ्या अध्यायातली? सैतान तिथे येशूला खाली उडी मार म्हणतो आणि त्यासाठी शास्त्रच म्हणून दाखवतो, ९१ वं स्तोत्र. पण दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाच. स्तोत्रात "तुझ्या सर्व मार्गांत" देवदूत रक्षण करतील असं आहे आणि सैतान नेमके तेवढे शब्द गाळतो. मार्गांत, म्हणजे चालायच्या वाटेवर. उडी मारणं ही वाट नाही. येशूने उत्तर दिलं ते जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं: परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको. तुला त्या सभेत ज्यांनी सांगितलं की खरा विश्वास असेल तर गोळी कशाला, त्यांच्या मनात कपट होतं असं मी म्हणत नाही. त्यांनी वचनच सांगितलं. पण कोणते शब्द गाळले ते बघायला शिक.

हिज्कीया राजाचं घे. मरणार होता. रडला, प्रार्थना केली, आणि देवाने यशयाच्या तोंडून सांगितलं की तुझं आयुष्य १५ वर्षांनी वाढवतो. वचन मिळालं, पक्कं. त्यानंतर यशया काय करायला सांगतो? अंजिरांचा लेप आणा. तो गळवावर लावला आणि राजा बरा झाला. लेप लावला म्हणून वचन खोटं ठरलं नाही, की राजाचा विश्वास कच्चा ठरला नाही. पौलाने लूकला "प्रिय वैद्य" म्हटलं, "माजी वैद्य" नाही. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं सांगितलं. आणि नहेम्याने यरुशलेमेची भिंत बांधताना काय केलं ते एकाच वचनात आहे: प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. त्या "आणि"वर मी बोट ठेवते आहे.

हे व्याख्यान झालं. तुला लहानपणापासून माझं हेच आवडत नाही, ताईलाही नाही. पण पुढचं टाळता येत नाही, कारण ते तुझं आहे.

मार्क ९. भूत लागलेला, फिट आल्यासारखा पडणारा तो मुलगा. तुला वाटत असेल की मी ते मुद्दाम वाचत नव्हते कधी घरी. तू वर्गात पडलास त्या वर्षी संडे स्कूलमध्ये कोणीतरी तो धडा घेतला आणि तू घरी येऊन विचारलंस, "माझ्यात पण तेच आहे का?" तेव्हाचं उत्तर अर्धवट राहिलं. ते आता पूर्ण करते. मत्तय ४:२४ उघड. येशूकडे आणलेल्यांची यादी आहे: भूतग्रस्त, फेफरेकरी, पक्षाघाती. तिन्ही वेगवेगळे लिहिलेत. ज्याने शुभवर्तमान लिहिलं त्याला फरक ठाऊक होता, तो पुसायचा अधिकार कोणाला नाही. तुझ्यात आजार आहे, बाकी काही नाही.

आणि त्याच धड्यात बघ, येशू मुलाच्या बापाला आधी काय विचारतो. किती दिवसांपासून होतंय हे? डॉक्टर विचारतात तेच. बाप सांगतो, लहानपणापासून. कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. मग तो बाप ओरडतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. येशूने त्याला परत पाठवलं नाही, की आधी विश्वास पूर्ण करून ये. तेवढ्याच फाटक्या विश्वासावर मुलाला बरं केलं. "सोपवूनही भीती येते म्हणजे माझं सोपवणंच खोटं" असं तू ताईला म्हणालास ना? तिने सांगितलं मला, तिच्यावर रागावू नकोस. त्या बापाच्या एका वाक्यात दोन्ही आहेत, आणि ते वाक्य ऐकलं गेलं.

मग सोपवायचं कसं, हे तुला कोणी नीट सांगितलंच नाही असं मला वाटतं. गेथशेमाने बागेत, धरला जाण्याआधी येशूने केलेल्या प्रार्थनेतला क्रम धर. आधी "अब्बा, बापा", म्हणजे कोणाशी बोलतोय ते. मग "तुला सर्व शक्य आहे". मग मागणं, उघड, आढेवेढे न घेता: हा प्याला माझ्यापासून दूर कर. आणि शेवटी "तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको". लोक तिसरी पायरी गाळून थेट चौथीवर जातात, त्यात मोठा भक्तिभाव वाटतो म्हणून. पण जे मागितलंच नाही ते सोडणार कशातून? मनातलं मनात राहतं आणि रात्री दोनला बाहेर येतं. तू स्पष्ट म्हण, "देवा, मला फिट नको, मला गोळ्याही नकोत, मी कंटाळलोय." हे म्हणायला परवानगी आहे. १३ वं स्तोत्र सहा वचनांचं, त्यात पहिल्या दोन वचनांत चार वेळा "किती वेळ" येतं, आणि त्याच स्तोत्राच्या शेवटी गाणं आहे.

पंधरा मिनिटं पुरेत. एक वाक्य कागदावर लिही, काय सोपवतोस ते. "माझं भविष्य" असं मोघम नको, "महिनाअखेरच्या रिपोर्टची भीती" असं. शेजारी लिही, ह्यात आज माझं काम काय. काम असेल तर ते करायची वेळ लिही. उरलेलं मागणीसकट त्याच्या हाती दे आणि एका गोष्टीबद्दल आभार मान; फिलिप्पैकरांस पत्रात, चौथ्या अध्यायात, आभारप्रदर्शन मागणीबरोबरच सांगितलंय. मग उठ. तासभर बसून तीच काळजी देवाला दहा प्रकारे सांगत राहिलास तर ती प्रार्थना राहत नाही, काळजीची उजळणी होते. आणि उठल्यावर "शांती आली का" म्हणून मन चाचपत बसू नकोस. बी पेरून दर तासाला उकरून बघण्यासारखं आहे ते. दुपारी भीती परत आली तर हरलो असं समजू नकोस, पुन्हा दे. येशूनेही तिसऱ्यांदा जाऊन तेच शब्द म्हटले, मत्तयने ते मुद्दाम नोंदलंय. रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न, मान्ना, तोसुद्धा माणशी एक ओमर (एक माप), रोज नवा. साठवून ठेवला की किडे पडायचे. शब्बाथासाठी आदल्या दिवशी दोन ओमर गोळा करायचे, तेवढाच टिकायचा. तू लहान असताना विचारलं होतंस, देवाने आठवड्याचा एकदम का नाही दिला, लोकांची पायपीट वाचली असती. तोंडात बोट घालून, तो निळा स्वेटर घालून उभा होतास, बाही कोपरापर्यंत उसवलेली. काय बोलत होते मी?

हां. निर्णय कधी घ्यायचा ते. इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) कॅथलिक म्हणून सोडून देऊ नकोस, मनाची पारख त्याच्याइतकी बारकाईने फार थोड्यांनी केली आहे. तो सांगतो, मन काळोखात असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. हे पुष्कळांना माहीत असतं. दुसरं कमी सांगितलं जातं: देवाकडून मोठा आनंद आला तरी तो आनंद आणि त्याच्यानंतरची धग ह्यांत फरक करावा. त्या धगीत आपण जे बेत करतो ते आपले असू शकतात, म्हणून अंमलात आणण्याआधी नीट तपासावे. तू गोळी बंद केलीस ती जागरणाच्या तिसऱ्या रात्री. त्या रात्री तुला जे भेटलं ते खरं होतं, माझा त्यावर विश्वास आहे. तुझा आवाज बदलला आहे, तू पप्पांशी आपणहून बोललास, हे कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. ते देवाचं देणं आहे. गोळीचा बेत मात्र धगीतला होता, आणि तीन रात्री झोप नसलेला होता. झोपमोड हेच फिटचं एक मोठं कारण, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

आणि देवाने बरं केलंच असेल तर? करू शकतो. बरं केलेल्या कुष्ठरोग्याला येशूने याजकाकडे पाठवलं, दाखवून ये म्हणून. तू डॉक्टरांना दाखव. ईईजी, ती मेंदूची तपासणी, होऊ दे, गोळी त्यांच्या हाताने उतरू दे. खरं बरं होणं तपासणीला घाबरत नाही. आणि नाहीच केलं तर? पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली, उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे आहे. मूर्तीपुढे वाका, नाहीतर आगीच्या भट्टीत टाकतो, असं राजाने धमकावलं तेव्हा शद्रख, मेशख, अबेद्नगो त्याला म्हणाले, आमचा देव सोडवू शकतो, पण न सोडवलं तरीही आम्ही वाकणार नाही. ते "तरीही" भट्टीत जाण्याआधीचं आहे. त्यांच्याकडे नुसतं "सोडवीलच" एवढंच असतं तर देव काय करतो ह्यावरच सगळं टांगलं असतं. जन्मभर रोज दोन गोळ्या घेऊन त्याच्यावर प्रेम करता येतं, योहान. कमी प्रतीचं नाही होत ते.

मी फार लिहिलं. तू आमच्यात सगळ्यांच्या आधी गुडघ्यावर गेलास आणि मी तुला गुडघे कसे टेकायचे ते सांगत बसले.

अजून एक, आणि हे सांगणं मला जड जातंय. वरचं सगळं लिहिताना "आज माझं काम काय" हा प्रश्न मलाही लागू होतो हे दिसत होतं. पत्र लिहिणं माझं काम होतं. रोज सकाळी आठला फोन करून विचारणं, ते माझं नाही. तू २६ वर्षांचा आहेस. म्हणून मी तो फोन करणार नाही. ताईकडून काढूनही घेणार नाही. मला ते किती जमेल ते देवाला माहीत. पप्पा रोज संध्याकाळी माझ्याबरोबर बसतात आणि तुझं नाव घेऊन उठतात, जास्त बोलत नाहीत.

पत्रासोबत डबी पाठवली आहे. आधी तशीच भरलेली ठेवली होती, पण डॉक्टर डोस बदलतील, म्हणून आज सकाळी चौदाही कप्पे रिकामे केले. ते सांगतील तसे तू भर. रविवारचं झाकण सैल झालंय, जरा दाबून लाव.

तुझी,
आई