कामे मुलींकडे, निर्णय इतरांकडे

महोदय,

युवा गटांत मुलींची संख्या वाढली म्हणजे त्यांचे नेतृत्व घडले, असे अनेक कार्यकर्ते मनापासून मानतात. प्रत्यक्षात इतिवृत्त लिहिणे, पाहुण्यांचे स्वागत, सूत्रसंचालन आणि आभारप्रदर्शन एवढेच मुलींच्या वाट्याला येते. पैसे कशावर खर्च करायचे आणि कोणता प्रश्न हाती घ्यायचा, हे आधीच ठरलेले असते. बालसहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलामुलींच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तेव्हा तळाच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही. त्यांतली एक होती ‘सजावट’. व्यासपीठावर बसवल्या जाणाऱ्या कितीतरी युवती आजही त्याच पायरीवर आहेत.

उपक्रमाच्या निधीचा काही हिस्सा युवतींच्या गटाकडे सोपवावा, हिशेब त्यांनीच ठेवावा आणि सभेपुढे त्यांनीच मांडावा. एखादा खर्च चुकला म्हणून कार्यकर्त्याने लगेच सूत्रे हाती घेऊ नयेत. मुलांच्या चुका अनुभवात जमा होतात आणि मुलींच्या चुका त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यात, हे नेहमीच दिसते. बैठकीत प्रश्न युवतीला विचारलेला असतो, ती क्षणभर थांबते, तोच शेजारचा अनुभवी कार्यकर्ता ‘तिला असं म्हणायचंय’ म्हणत उत्तर देऊन मोकळा होतो. ही मदत नव्हे. बैठकीची वेळही (किरकोळ वाटली तरी) महत्त्वाची असते, कारण रात्री उशिरा होणाऱ्या निर्णयांतून मुली आपोआप वगळल्या जातात.

नागरिकत्वाचे शिक्षण मतदानाच्या शपथेपुरते राहू नये. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७९ मध्ये स्वीकारलेल्या, स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनासाठीच्या कराराच्या सातव्या कलमात मतदान आणि उमेदवारीबरोबरच धोरणे ठरवण्यात व सार्वजनिक जीवनाशी संबंधित संघटनांत सहभागी होण्याचा हक्कही नमूद आहे. तो बजावण्याची सवय व्याख्यानातून लागत नाही. बंद पडलेल्या पथदिव्यासारखा एखादा खरा प्रश्न घेऊन युवतींनी अर्ज लिहावा, पोच घ्यावी, उत्तर न आल्यास पुन्हा कार्यालय गाठावे. कार्यकर्त्याने सोबत जावे, बोलणे मात्र त्यांच्यावर सोपवावे. ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन केला की काम लवकर होते हे खरे, पण मग शिकते कोण?

जाहीरपणे बोलणाऱ्या मुलींची समाजमाध्यमांवर बदनामी होते. तक्रार कोणाकडे करायची आणि संस्था काय करील, हे त्यांना आधीच सांगितलेले असावे. ऐनवेळी त्यांनाच गप्प राहण्याचा सल्ला देऊ नये.

युवा संस्थांनी वार्षिक अहवालात मुलींच्या उपस्थितीचे आकडे छापतानाच त्यांनी मांडलेले किती ठराव संमत झाले आणि किती निधी त्यांच्या सहीने खर्च झाला, हेही छापावे, अशी विनंती आहे.

– एक वाचक