नव्या विमानमार्गांबाबत खोऱ्यातील रहिवाशांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या विमानतळासाठी आखलेल्या नव्या विमानमार्गांचा मसुदा सूचना व हरकतींसाठी खुला झाला आहे. मुदत संपण्याआधी घरटी निदान एक पत्र जावे, यासाठी समितीला तुमची साथ हवी आहे.

विमानतळाला आमचा विरोध नाही. रस्ता बंद पडला की अत्यवस्थ रुग्णाला घेऊन जाणारे विमान इथूनच उडते. उपग्रहाच्या आधारे आखलेल्या मार्गांमुळे ढगाळ हवेत डोंगरांमधून उतरणे अधिक सुरक्षित होते, हेही खरे. पण त्याच अचूकतेमुळे विमाने एका अरुंद पट्ट्यातून जाऊ लागतात आणि पूर्वी विखुरलेला आवाज मोजक्या वस्त्यांच्या वाट्याला येतो.

नकाशा पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यातली उंची सहसा समुद्रसपाटीपासूनची असते, तुमच्या छपरापासूनची नव्हे. विमान साधारण ३ अंशांच्या उताराने उतरते, म्हणजे १० किलोमीटर अलीकडे ते धावपट्टीहून सुमारे ५२० मीटर वर असते. तुमचे घर धावपट्टीपेक्षा ३०० मीटर उंचावर असेल, तर डोक्यावर उरतात जेमतेम २२० मीटर! कड्यांवरून परतणारा आवाज वेगळाच.

सरासरीवरही विसंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या विमानांच्या आवाजाची सरासरी ४० डेसिबलखाली ठेवण्याची शिफारस केली. मात्र जिथे उड्डाणे मोजकी, तिथे सरासरी कमीच भरते. पहाटे अख्खे घर उठवणारे एखादे विमान त्यात दिसतच नाही. ते दिसेल तुमच्या नोंदीत. म्हणून छापील पत्रावर नुसती सही नको. घराची जागा, विमानाची वेळ, घरात कोण आजारी, कोण तान्हे, हे स्वतःच्या शब्दांत लिहा. आणि कृपा करून ‘मार्ग पलीकडच्या वस्तीवर न्या’ असे लिहू नका. मागायचे तर रात्रीच्या उड्डाणांवर मर्यादा मागा. मध्ये सपाट टप्पे न घेता विमानाने सलग उतरावे, अशी मागणी करा. त्यात इंजिनावर जोर कमी पडतो.

मसुदा स्वतंत्र ध्वनितज्ज्ञाकडून तपासून घेण्यासाठी आणि ध्वनिमापक यंत्रांसाठी निधी हवा आहे. यथाशक्ती द्या, पावती मिळेल, जमाखर्च सर्वांसमोर मांडला जाईल. पैशांइतकीच माणसांचीही गरज आहे. वरच्या वस्त्यांवरच्या वृद्धांना नकाशा समजावून त्यांचे म्हणणे लिहून घ्यायचे आहे. ज्यांना दोन-तीन संध्याकाळी देता येतील, त्यांनी समितीच्या कोणत्याही सदस्याकडे नाव नोंदवावे.

आपली,
नागरिक समिती